सहा चेहरे

सोमवारी हजेरी घेताना कमळनं "राही परेश घरत" असं म्हटलं आणि पहिल्या रांगेत, अगदी हाताच्या अंतरावर बसलेली राही हललीसुद्धा नाही. ती खेळत नव्हती, खिडकीबाहेर बघत नव्हती. मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखी बसली होती. कमळनं पुन्हा नाव घेतलं. शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं तेव्हा राहीनं पूर्ण मान वळवून कमळकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे, आणि घाईघाईनं म्हणाली, "प्रेझेंट टीचर." मान वळवताना केस हलले आणि डाव्या कानातला कापसाचा बोळा दिसला, कडेनं पिवळा पडलेला. बुधवारपासून चार दिवस ती आली नव्हती. ताप असेल, सध्या सगळ्यांनाच येतोय, असं धरून कमळनं चार दिवस तिच्या नावापुढे लाल खूण केली होती आणि विसरून गेली होती. आता पुढची नावं घेताना तिचा आवाज नेहमीसारखाच चालला होता, पण आत काहीतरी दबलं होतं. लहानपणी मिठागराच्या बांधावरून बापाचा डबा घेऊन जाताना असं व्हायचं. कोरडी दिसणारी माती पायाखाली हळूच आत जायची, पाय ओला व्हायचा नाही, नुसतं कळायचं की खाली पाणी आहे.

एकतीस मुलं हजर होती. प्रार्थना झाली, गाणं झालं, मग फळ्याच्या डाव्या बाजूच्या तक्त्यासमोर सगळे गोल करून बसले. तक्त्यावर सहा चेहरे होते, गोरेगोमटे, कुठल्या गावचे ते कळू नये असे: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. जूनमध्ये पनवेलला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं तेव्हा तो मिळाला होता. पुण्याहून आलेली शिकवणारी मुलगी कमळच्या भाचीच्या वयाची होती आणि फार गोड बोलायची. भावनेला नाव दिलं की ती लहान होते, असं ती म्हणाली होती. मुलाला राग आला तर त्याला गप्प करायचं नाही, तुला राग आलाय असं सांगायचं; मग फुलाचा वास घेतल्यासारखा श्वास आत घ्यायचा आणि मेणबत्ती विझवल्यासारखा बाहेर सोडायचा. कमळला ते पटलं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी पटावी याचंच तिला नवल वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं सगळ्या शिक्षिकांना कागद दिले आणि लहानपणी कधी भीती वाटली होती ते लिहायला सांगितलं. बाकीच्या भराभर लिहू लागल्या. कमळ बराच वेळ पेन धरून बसली आणि मग तिनं कुत्रं मागे लागल्याचं लिहून दिलं. तिच्या मागे कधी कुत्रं लागलं नव्हतं.

लिहायचं तर दुसरंच होतं. ती सात वर्षांची असताना आई गेली. मोरा बंदरातून लाँचनं मुंबईच्या दवाखान्यात नेली ती परत आली नाही, म्हणजे आली पण तशी आली. अंगणात बायका जमल्या. कमळ ओट्यावर बसून सगळ्यांकडे बघत होती आणि तिला रडू येत नव्हतं. "पोर रडत न्हाय, छातीन धरंल तिच्या," कुणीतरी म्हणालं, आणि एका काकीनं तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला. मग ती रडली. सगळ्यांना हायसं वाटलं. आठच दिवसांनी बाप, हिरामण, मिठागरावरून आला तेव्हा ती चुलीपाशी हुंदके देत बसली होती, तर तो दारातूनच ओरडला की आता बास, रोज रोज काय. तो वाईट माणूस नव्हता. मिठानं त्याचे तळपाय फाटून गेले होते आणि त्याला घरात आवाज सहन होत नसे. त्या आठ दिवसांत कमळला एवढं कळलं होतं की रडण्याची वेळ लोक ठरवतात. हे त्या पनवेलच्या कागदावर लिहिता आलं असतं. पण त्या वेळी तिला भीती वाटली होती का, दुःख वाटलं होतं का, की नुसता दंड दुखत होता, हे तिला आजही सांगता आलं नसतं, आणि कागदावर तर भीती असा मथळा होता.

तक्ता वर्गात लागला आणि पहिल्याच आठवड्यात राही सगळ्यांच्या पुढे गेली. बाकीची मुलं राग आणि किळस यांत गोंधळायची, भीतीला 'भ्या' म्हणायची आणि हसायची. राहीला चित्र दाखवायच्या आत कळायचं. नुसत्या भुवया दाखवल्या, खालचं सगळं हातानं झाकलं, तरी ती सांगायची. एकदा कमळनं खेळ म्हणून खोटं रागावून दाखवलं, कमरेवर हात ठेवून डोळे मोठे केले, तेव्हा सगळी मुलं ओरडली, राग, राग! राही शांतपणे म्हणाली, "टीचर रागात न्हाय. टीचर दमल्यात." कमळला त्या दिवशी खरंच कसंसं झालं. इतक्या वर्षांत तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. घरी नवरा शिवदास होता, तो कंटेनर यार्डातल्या नोकरीतून लवकर निवृत्त होऊन दिवसभर खुर्चीत बसून असे, चांगला होता, पण त्यानंही नाही. मुख्याध्यापिकांनी राहीचा व्हिडिओ काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. पाच वर्षांची मुलगी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव सांगते आणि शेवटी डोळे मिटून फुलाचा वास घेते, हे लोकांना फार आवडलं. कमळ तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची. आपल्या हातून एक तरी गोष्ट नीट झाली असं तिला वाटायचं.

आणि मागच्या मंगळवारी तिनं घरचा अभ्यास दिला. घरी जाऊन एका माणसाचा चेहरा बघा आणि त्याला काय वाटतंय ते त्याला सांगा. हे प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत होतं. पुढचं वाक्य पुस्तिकेत नव्हतं, ते कमळनं वर्ग सुटता सुटता आपल्या मनानं जोडलं होतं: आणि त्याला राग आला असेल तर त्यालाही फुलाचा वास घ्यायला शिकवा.

बारा वाजता राहीला न्यायला तिची आजी सोनूबाई आली. फाटकाबाहेर ट्रेलरची रांग लागली होती, एकामागून एक कंटेनर, आणि हॉर्नच्या आवाजात बोलायचं म्हणजे जवळ जावं लागत होतं. कमळनं विचारलं, कानाला काय झालं.

"मोरीन पाय घसरला तिचा," सोनूबाई म्हणाली. तिनं हे रस्त्याकडे बघत सांगितलं.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलाय. पडदा फाटलाय बोलला. भरून येल, न आला तं मोठ्या दवाखान्यान न्या बोलला."

मोरीत पडल्यावर कानाचा पडदा फाटत नाही. हे दोघींनाही माहीत होतं. राही मध्ये उभी होती आणि आजीच्या तोंडाकडून कमळच्या तोंडाकडे, कमळच्या तोंडाकडून आजीच्या तोंडाकडे बघत होती. कमळनं तिला चपला नीट घालून यायला पाठवलं. पोर चार पावलं लांब गेली तशी सोनूबाईचा आवळलेला चेहरा सुटला.

"मी काय सांगू बाय तुमाला. मंगळवारचे परेशचे मैतर आलेले, क्रिकेटचे सामने ठरवाला. हा फोनवर कुणाला तरी जोरजोरान बोलत होता. तं ही उठली न् त्याच्या म्होरं जाऊन उभी राहिली. पप्पा, तुमाला राग आलाय, फुलाचा वास घ्या, सांगलान. असा हात पन धरलान त्याच्या नाकाशी. सगले हासले. तो पन हासला." सोनूबाई थांबली. ट्रेलर पुढे सरकला, धूळ उडाली, तिनं पदर तोंडावर धरला. "सगले घरा गेले, मंग मारलान. एकच मारली. मी मधी पडंपरत मारलान." आणि मग, तक्रार म्हणून नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, "पन तिला ह्यो शिकवला कनाला तुमी?"

मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं. त्या कमळहून दहा वर्षांनी लहान होत्या आणि तिला ताई म्हणत. "कमळताई, आधी तो व्हिडिओ काढून टाकू या," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की शिकवणं थांबवायचं नाही, फक्त घरचा अभ्यास देऊ नका. त्यांच्या आवाजात काळजी होती, खरी काळजी होती, फक्त ती कुणाची होती ते कमळला समजेना. वर्गात परत येऊन तिनं तक्त्याकडे पाहिलं. सहाही चेहरे तिच्याकडे बघत होते. आपल्याला आता काय वाटतंय ते यांतलं एकही सांगत नाही, असं तिच्या लक्षात आलं. राग म्हणावा तर कुणाचा. दुःख म्हणावं तर ते राहीचं होतं, आपण ते घ्यायचं म्हणजे चोरीच. जे होतं ते पावसात भिजून घट्ट झालेल्या मिठाच्या ढेपेसारखं होतं. त्याला नाव सुचलं असतं तरी ते लहान झालं असतं यावर तिचा आता विश्वास नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला ती घरतांच्या घरी गेली. परेशच्या वडिलांची जमीन बंदराला गेली आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर हे दुमजली घर उभं राहिलं होतं, खाली गुळगुळीत लाद्या, दारात धुऊन पुसून ठेवलेली मोटरसायकल. दार पूनमनं उघडलं, राहीच्या आईनं, आणि कमळला बघून तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला. आत राही जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. आतल्या खोलीतून परेश आला. नुकतीच आंघोळ झालेली, केस ओले, शिफ्टला जायच्या बेतात. कमळनं त्याला कित्येक वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. राहीला आणायला-सोडायला नेहमी आजीच यायची. तिनं वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं आणि त्या सगळ्या बोलण्यात समोर एक मोठा, लाल डोळ्यांचा माणूस होता. हा तर अजून पोरसवदा दिसत होता. तो सरळ पुढे आला आणि वाकून तिच्या पाया पडला.

"बाई! तुमी? बसा ना. पूनम, चा टाक बाईंना."

राहीच्या वर्गातली मुलं तिला टीचर म्हणत. बाई म्हणणारे सगळे आता मोठे झाले होते. त्या एका शब्दानं तो एकदम तिच्या वर्गातला चार वर्षांचा परेश झाला आणि कमळला बसावंच लागलं.

"परेश, राहीच्या कानाला काय झालं?" तिनं विचारलं.

तो खोटं बोलला नाही. हे तिला नंतर सारखं आठवत राहिलं. त्यानं लादीकडे बघत ओल्या केसांतून हात फिरवला. "हात लागला बाई. येवढा लागंल वाटलं न्हवतं. दुसऱ्या दिवशी मीच नेली डॉक्टरकडं. ड्युटी सोडून." थोडं थांबून तो म्हणाला, "पन तुमीच सांगा, चार लोकांत पोरगी बापाला सांगते तुमाला राग आलाय. सगले फिदीफिदी हसतात. परत गल्लीत तेच. काय परेश, फुलाचा वास घेतला का? आज पाच वर्षांची हाय, उद्या काय सांगेल?"

"तिनं शाळेत शिकवलेलं केलं. चूक माझी आहे. मला बोलायचं होतंस."

"तुमाला कसं बोलू?" तो खरंच दुखावल्यासारखा म्हणाला. "तुमच्यामुळं तर आमी माणसांत आलो. आता शाळेत कायपन फॅड आलंय, ते तुमाला वरून सांगतात म्हनून तुमी करता, मला कळतं ना. तुमच्या वेळेला असलं न्हवतं. आठवतंय? मी किती रडायचो. आयसला सोडायचोच नाय. तुमी मला त्या खोलीत ठेवलंत आन् कडी घातलीत. त्याच्यानंतर मी कवा रडलो न्हाय बाई. बापूस गेला तेव्हापन न्हाय. सगले बोलत होते, परेश दगडाचा हाय." तो हसला. त्या हसण्यात अभिमान होता.

तिला आठवत होतं. आठवत होतं म्हणजे काय, ती ते इतक्या वेळा सांगत आली होती की ते तिचं राहिलंच नव्हतं, शिक्षकखोलीतली एक गोष्ट होऊन गेलं होतं. तिची नोकरी नवी होती, चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घरतांचा एक मुलगा अकरा दिवस दाराला धरून रडत होता. त्याच्यामुळे बाकीची रडत, आणि त्या वेळच्या मोठ्या बाई काचेतून बघून जात. बाराव्या दिवशी कमळनं त्याला उचललं आणि खडूचे खोके, सतरंज्या, मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत नेऊन ठेवलं. रडं थांबलं की दार उघडेन, असं सांगितलं. ती फार रागावून बोलली नव्हती, समजावून सांगावं तसं बोलली होती. आधी दारावर हात आपटल्याचा आवाज येत होता, मग हाका, मग नुसतं गळ्यातलं घुमणं, आणि मग काहीच नाही. ती लगेच उघडायला गेली नाही. एक कविता पूर्ण म्हणून घेतली. दार उघडलं तेव्हा तो सतरंज्यांच्या गठ्ठ्याला पाठ लावून उभा होता, चड्डी ओली झाली होती आणि तोंड बंद होतं. तोंड बंद करण्यासाठी त्यानं स्वतःचाच ओठ दातांत धरला होता. कमळनं त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, बघ, जमलं की नाही? तेव्हा तिनं चेहरा पाहिला होता. तो चेहरा सहांपैकी कुठला होता, हे तिनं आता पाहिलं असतं तर तिला सांगता आलं असतं का? तिनं तर फक्त एवढंच पाहिलं की तो रडत नाहीये. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. घरी येऊन तिनं ते बापाला सांगितलं होतं आणि हिरामणनं मान हलवली होती, की मुलांना वळण लागायला पाहिजे.

"परेश," ती म्हणाली, "मी ते चुकीचं केलं होतं. फार चुकीचं केलं. मला तुझी माफी मागायचीय."

त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिनं डोळे फाडून पाहिलं. एक क्षण तिथे काहीतरी उघडल्यासारखं झालं, ओठांचा कोपरा हलला, खालच्या ओठावर दात टेकले. मग ते मिटलं. "कसली चूक बाई?" तो मोठ्यानं म्हणाला. "उगाच कायतरी मनावर घेऊ नका. तुमी होता म्हनून आमी सुधारलो. चा घ्या, गार होतो."

राही उठून बापाजवळ आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. न सांगता, सवयीनं. त्यानंही न बघता तिच्या केसांवर हात ठेवला, फार हलका, काच धरल्यासारखा. ती त्याच्यावर प्रेम करत होती, हे कुणालाही दिसलं असतं. आणि त्या प्रेमात तिचे डोळे सतत फिरत होते, बापाच्या कपाळावरून आईच्या हातांवर, तिथून कमळच्या कपावर, पुन्हा बापाच्या कपाळावर. भरतीच्या वेळी बांधावर बसलेला माणूस पाणी कुठून शिरतंय ते जसं बघत असतो, तशी ती बघत होती. वर्गात पहिल्या आठवड्यात ती सगळ्यांच्या पुढे का गेली ते कमळला तेव्हा कळलं. तक्ता बघून ती काहीच शिकली नव्हती. ती या घरात कधीपासून पहाऱ्यावर उभी होती. कमळनं तिला एवढंच सांगितलं होतं की आता बोलून दाखव.

चहा तिनं संपवला. उठताना परेश दारापर्यंत आला आणि पुन्हा वाकला.

घरी शिवदासला तिनं सगळं सांगितलं, ती खोली सोडून. त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला, जे तो सहसा करत नसे. "मुलांसाठी तो हेल्पलाइनचा नंबर आहे ना, तुमच्या शाळेत लावलेला," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तू फोन केलास म्हणजे पोर सुटेल का?" दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मोरा बंदराकडे चालत गेली. ओहोटी होती, लाँच गाळाच्या पलीकडे थांबली होती आणि माणसं चिखल चुकवत धक्क्यावरून उतरत होती. तिथे उभं राहून तिनं नंबर लावला, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, काय झालं ते सांगितलं. पलीकडची बाई हळू आवाजात एकेक प्रश्न विचारत होती आणि कमळ उत्तरं देत होती. वडिलांचा स्वभाव पहिल्यापासून असा आहे का, असं तिनं विचारलं. "तो माझा विद्यार्थी आहे," कमळ म्हणाली. पलीकडच्या बाईनं प्रश्न पुन्हा विचारला, कारण हे त्याचं उत्तर नव्हतं.

गुरुवारी जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयातून दोघं आले, एक बाई आणि एक तरुण माणूस. ते घरतांच्या घरी गेले, मग शाळेत आले. राहीला मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, तिला चघळायला लिमलेटची गोळी दिली, तिच्या उजव्या बाजूला बसून तिच्याशी गोड बोलले. कमळला बाहेर थांबायला सांगितलं होतं. दार अर्धं उघडं होतं. मोरीत पाय घसरला, राही म्हणाली. कुणी मारलं का? नाही. कुणाची भीती वाटते का? नाही. मग काय वाटतं? "छान वाटतं," राही म्हणाली आणि त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, उत्तर बरोबर आलं का ते पाहायला. त्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे थकलेले होते. घरातही सगळे हेच सांगतात, त्या म्हणाल्या. आजीसुद्धा. आम्ही नोंद घेतलीय, पुन्हा येऊ, वडिलांना समज दिलीय. त्या पुन्हा आल्याही, दोनदा. त्यांनी आपल्याकडून काही कमी केलं नाही.

पंधरा दिवसांनी पूनम शाळेत आली, दाखला न्यायला. ऑफिसमधलं काम आटोपून ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मुलं डबे खात होती.

"तुम्ही फोन केलात ना?" तिनं विचारलं.

"हो."

पूनमनं मान हलवली. ती भांडायला आलेली नव्हती. "तो आता तिला हात लावत नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. बोलतपण नाही तिच्याशी. ती समोर आली की उठून बाहेर जातो. आधी ड्युटीवरून आला की तिला गाडीवर बसवून चौकापर्यंत चक्कर मारायचा, तेपण बंद. बोलतो, मी हिला शिवलो की पोलीस येतील." तिनं दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडला. "ती मला रोज विचारते बाई, पप्पांना काय वाटतंय? त्यांच्या तोंडावर काहीच दिसत नाही आता. मी तिला काय सांगू?"

तुला काय वाटतं, असं पूनमला विचारायला हवं होतं, हे कमळला ती निघून गेल्यावर सुचलं. पूनमनं जाताना सांगितलं की राहीला श्रीवर्धनला आपल्या आईकडे ठेवतेय. तिथे माणसं आहेत, वाडी आहे, सुपारीची झाडं आहेत. मन रमेल. कानाचं तिथूनच बघतील.

वर्गात तीसच मुलं उरली. कमळ रोज तक्त्यासमोर गोल करून त्यांना बसवायची, कारण वेळापत्रकात ते होतं. मुलं आता सगळी नावं बरोबर सांगत. भीतीला भीती म्हणत. त्यांच्या तोंडातून ती स्वच्छ, छापील नावं येऊ लागली तसतशी कमळ त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागली. कोण मूल पटकन ओळखतं याची तिला धास्ती वाटू लागली. कुणी फार लवकर उत्तर दिलं की ती ते ऐकलंच नाही असं करायची आणि दुसऱ्याला विचारायची. चुकणाऱ्या मुलांना ती जवळ घ्यायची. घरचा अभ्यास म्हणून ती फुलं आणि फळं रंगवायला द्यायची. शिवदासनं एकदोनदा विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं, आणि मग त्यानंही विचारणं सोडलं. परेश एकदा रस्त्यात दिसला, ट्रेलरच्या केबिनमध्ये, उंचावर. त्यानं हात जोडले. तिनंही जोडले.

मे महिन्यात, एका सकाळी, उरणच्या बाजारात तिला पूनम भेटली आणि तिच्याबरोबर राही. सुट्टीची आठ दिवस आणलीय, पूनम म्हणाली. राही उंच झाली होती, उन्हानं रापली होती, केस घट्ट ओढून दोन वेण्या घातल्या होत्या. कानाचं काय झालं ते कमळनं विचारलं नाही. पूनमनंही सांगितलं नाही.

"कशी आहेस राही?"

राहीनं आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कमळच्या. फार वेळ लागला नाही. "मस्त आहे टीचर," ती म्हणाली.

"खूप शहाणी झालीय आता," पूनम म्हणाली. कित्येक महिन्यांत एवढी एकच चांगली बातमी असल्यासारखा तिचा आवाज उजळला होता. "तिकडे राहायला गेली तेव्हापासून एकदापण रडली नाही. माझी आई बोलते, घरात मूल आहे हे कळतच नाही."

राही वर बघत वाट पाहत होती. दोघींच्या मध्ये माणसं ये-जा करत होती, कुणीतरी कोळंबीची टोपली घेऊन घाईनं गेलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि कमळच्या मनात खूप काही होतं, इतकं की त्यातलं कुठलं आधी काढावं ते ठरेना. ती ठरवत असतानाच तिचं तोंड उघडलं.

"शाब्बास," ती म्हणाली. चोवीस वर्षं म्हणत आली तसंच, मनापासून.

राहीचा चेहरा खुलला. आईचा हात धरून ती माशांच्या बाजाराकडे निघून गेली.